प्लॉट नंबर पंधराचं सीताफळ

संध्याकाळी बरोबर सहा वाजता आमच्या कॉलनीत घोषणा होते.

"लक्ष द्या. प्लॉट नंबर नऊची पपई अजून सुटलेली नाही. प्लॉट नंबर अकराचा नळ दुपारपासून चालू आहे, मालकांनी तातडीनं संपर्क साधावा. प्लॉट नंबर पंधराची मोगऱ्याची कुंडी दोन दिवस बिनपाण्याची उभी आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कुणीही दिलगीर नाही."

यासाठी कॉलनीनं भोंगा वगैरे बसवलेला नाही. चौदा नंबरच्या फाटकात एक किडकिडीत, उंच माणूस उभा राहतो, डावा तळहात कानावर ठेवतो आणि नुसत्या गळ्यानं हे सगळं चौथ्या गल्लीपर्यंत पोचवतो. कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. गरजच पडत नाही.

प्लॉट नंबर पंधरा माझा. मोगऱ्याची कुंडीही माझी. आणि ती दोन दिवस बिनपाण्याची नव्हती, एकच दिवस होती, हे मी त्याच संध्याकाळी फाटकावर जाऊन सांगितलं होतं.

"कारण नका सांगू, ताई," ते म्हणाले, "टाइम सांगा. पाणी कधी घालायलात?"

हे लिंबाजीकाका. एकतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्या फलाटाला लावायच्या, वेळ झाली की सही करून सोडायच्या, उशिरा आलेल्या ड्रायव्हरला चारचौघांत झापायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर गाड्या गेल्या, सवय राहिली. मग त्यांनी कॉलनीतली झाडं हातात घेतली. त्यांच्या ओसरीत एक काळा फळा आहे. त्यावर रकाने आखलेले: प्लॉट, झाड, अपेक्षित वेळ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो, 'लेट'.

चिडणं हा त्यांचा स्वभाव नाही, दिनक्रम आहे. सकाळी पेपर उशिरा आला म्हणून, दुपारी लाइट गेली म्हणून, संध्याकाळी लाइट वेळेआधी आली म्हणून. कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह, त्यामुळे राग घरातलाच, असं त्यांच्या पत्नी रुक्मिणकाकू म्हणतात. काकू त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. "आमच्या लग्नात बी हेच," त्यांनी एकदा मला सांगितलं. "अंतरपाट धरलेला, आन हे भटजीला म्हणायलेत, पाऊण तास लेट हाय."

आता मुद्द्याचं.

आम्ही हे घर तीन वर्षांपूर्वी वाहेदचाचांकडून घेतलं. चाचा त्याच बसस्थानकावर ड्रायव्हर होते. मुलीकडे नांदेडला राहायला जायचं म्हणून त्यांनी आठ दिवसांत व्यवहार उरकला आणि गेले. घराबरोबर मला मिळालं ते मागच्या भिंतीलगतचं एक सीताफळाचं झाड. अर्ध्या फांद्या माझ्या अंगणात, अर्ध्या लिंबाजीकाकांच्या. मागे हौद आणि भिंत यांच्यामध्ये झाडापुरती तेवढीच एक जागा आहे. तिथे दोन झाडं मावत नाहीत, हे मी टेपनं मोजून पाहिलं आहे.

मी घरातल्या गोष्टींची वही ठेवते. झाडाला काय घातलं, कधी घातलं, त्यानं काय दिलं. त्या वहीत सीताफळाचं पान फार केविलवाणं होतं. पहिल्या वर्षी सात फळं, दुसऱ्या वर्षी पाच, गेल्या वर्षी सहा. तीही लिंबाएवढी, एका बाजूनं बसकी, निम्मी काळी पडलेली. शेंड्याकडे काही मोठी फळं धरलेली दिसायची, पण दसऱ्याच्या आधी कधीतरी नाहीशी व्हायची. 'वटवाघळं' असं मी तीन वर्षं लिहीत आले.

यंदा उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातल्या चुडाव्याच्या एका बाईंनी डबाभर अंजीर आणले, त्यांच्या परसातले. विकतचा अंजीर आणि झाडावर पिकलेला अंजीर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी वहीचं एक पान मधोमध दुमडलं. डावीकडे अंजीर, उजवीकडे सीताफळ. पाणी, माती, जागा, कीड, पाखरं, किती वर्षांनी फळ, किती दिवस टिकतं, छाटणी. पेडगावच्या रस्त्यावर एक नर्सरी आहे, तिथल्या माणसाला तासभर बसवून सगळं विचारलं. तो म्हणाला, "बाई, सीताफळाचं फूल लय नखरेल. सकाळी मादी असतंय, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर. स्वतःचं स्वतःला जमत न्हाई. बारके किडे करतेत ते काम, पण गावात सिमेंटमधी किडे कुठले? कुणीतरी हातानं करावं लागतंय. आपल्या अंजिराला कुणाचीच गरज न्हाई."

मी अंजिराच्या बाजूला बरोबरची खूण केली. माझ्याकडे फुलांची लग्नं लावत बसायला वेळ नाही.

घरातल्यांना विचारलं. ते म्हणाले, तू म्हणशील ते. तेही लिहून ठेवलं.

मृग लागता लागता मी टेप घेऊन झाडाभोवती मोजायला लागले, तर भिंतीवरून डोकं वर आलं.

"काय मोजायलात?"

"हे सीताफळ काढून अंजीर लावणार आहे, काका."

त्यांनी घड्याळ पाहिलं. काही धक्कादायक ऐकलं की ते आधी घड्याळ पाहतात. "कुणाला विचारून?"

"घर माझं आहे."

"घर तुमचंच हाय. झाड..." ते थांबले. "झाड लय जुनं हाय."

"जुनं आहे आणि निकामी आहे."

तिथून जे सुरू झालं ते तीन महिने चाललं. रोज सकाळी दात घासायच्या वेळेला भिंतीवर डोकं. मी कपडे वाळत घालतेय, डोकं. सुट्टीच्या दिवशी धान्याला ऊन देतेय, डोकं.

"अंजीर म्हंजे निमआराम गाडी, ताई. काचा काळ्या, शिटा मऊ, आन जरा पाणी साचलं की बंद. आपली माती काळी. पावसाळ्यात चिकटून बसती, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडती. मुळं कुजून जातील."

"अर्धा खड्डा मुरूम घालणार आहे. तळाला विटांचे तुकडे."

"पानाला तांबेरा येतोय."

"फवारणी करीन."

"पिकलं की बुलबुल येतेत. पाच मिंटात साफ."

"जाळी आणलीय."

"चीक लागला की हाताला खाज सुटती."

"हातमोजे आहेत."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे हे पाहून त्यांचा राग नांगरासारखा खोल जायला लागला. मग ते सीताफळाची बाजू घ्यायचे. "सीताफळ म्हंजे साधी गाडी. पत्रा वाजतोय, शिटा फाटलेल्या, पण गावोगाव पोचती का न्हाई? शेळी पान खात न्हाई. पाणी न्हाई दिलं तर कुरकुर न्हाई."

"आणि फळही नाही," मी म्हणाले. "तीन वर्षांत अठरा. तीही काळी."

त्यांचे कान लालबुंद झाले. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, जिंकले.

मग ते एकदम म्हणाले, "अंजीर प्रवास करत न्हाई."

"म्हणजे?"

"आज तोडला की उद्या पाणी. गाडीत घातला तर ताडकळसपर्यंत चटणी होतीय. सीताफळ डोळे उघडले की काढावं, कागदात गुंडाळावं, तीन दिवस कुठं बी धाडावं."

"मला कुठे धाडायचं नाहीये, काका. घरी खायचंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भरल्या गाडीतून म्हाताऱ्या माणसाला खाली उतरवलंय. आत गेले आणि दार आपटलं. 'किती दिवस टिकतं' या रकान्यात मी सीताफळाला एक गुण दिला आणि पान उलटलं.

जुलैमध्ये एक दिवस मी सहाला उठून मागे गेले, तर काका स्टुलावर उभे. अर्धं अंग भिंतीवरून माझ्या झाडात. एका हातात चुन्याची डबी, तिच्यात चिमूटभर पिवळसर भुकटी, दुसऱ्या हातात शाळेतल्या मुलांचा असतो तसला रंगाचा ब्रश. फुलाची जाड पाकळी बोटानं बाजूला करून ते आत ब्रश फिरवत होते, आणि फिरवता फिरवता त्याला शिव्या देत होते. "उघड. उघड की भाड्या. टाइम झाला तुझा."

"काय करताय काका?"

"धूळ झटकायलोय," ते म्हणाले, तेही माझ्यावरच चिडून. "तुमच्या झाडावर लय धूळ हाय."

फुलाच्या आतली धूळ कोण झटकतं? ऑफिसच्या डब्याची घाई होती म्हणून मी तिथे थांबले नाही. नर्सरीवाल्याचं बोलणं त्या क्षणी आठवायला हवं होतं, आठवलं नाही.

ऑगस्टमध्ये माझ्या फाटकाच्या फटीत एक कागद सापडला. 'विषय: प्लॉट नं. १५ येथील सीताफळाची फेरी रद्द करण्यास हरकत.' खाली मुद्देसूद अकरा कारणं, वळणदार अक्षरात, शेवटी सही आणि वेळ. अकरा कारणं ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं एक कारण ऐकून घेतलं नाही त्यानं दिलेली. मी त्यावर 'हरकत फेटाळली' लिहून कागद परत त्यांच्या फाटकाला लावला. त्या संध्याकाळी सहाच्या घोषणेत माझ्या कुंड्या, माझं फाटक, माझी स्कूटर आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या या सगळ्यांचा उल्लेख आला. मी खिडकी लावून घेतली. माझाही संताप झाला होता. पन्नाशीतल्या बाईनं स्वतःच्या अंगणात काय लावावं हे शेजाऱ्यानं का ठरवावं?

मी झाड तोडणाऱ्या माणसाला सांगून टाकलं. सप्टेंबरमधला एक रविवार, सकाळी आठ. नर्सरीतून अंजिराचं दोन हात उंचीचं कलम आणून ठेवलं. कामांची यादी केली. त्यातलं सातवं काम होतं, लाइटच्या मीटरवर अजून वाहेदचाचांचं नाव आहे ते बदलणं. त्यासाठी त्यांची सही लागणार होती. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून मी नांदेडला फोन लावला.

फोन मुलीनं घेतला आणि चाचांना दिला. मी मीटरचं सांगितलं. चाचा म्हणाले, "हाव, सही कुठं करायची ते बोट धरून दाखवलं की करतो." मला ते नीट कळलं नाही. मग म्हणाले, "बरं झालं बाई, फोन केला. तुमी दरसाल डबा पाठवता, आन मी एकदा बी शुक्रिया बोललो न्हाई. लय शर्मिंदा हाय."

"कसला डबा?"

"सीताफळाचा. आपल्या झाडाचा. दसऱ्याच्या आधी कंडक्टर आणून देतो स्टँडवर, जावई जाऊन घेतो. वर लिहिलेलं असतंय, प्लॉट नंबर पंधरा. एकेक फळ कागदात. मोजून बारा."

वटवाघूळ मोजून बारा नेत नाही.

"ते झाड मी बालाघाटातून आणलेल्या फळाच्या बीपासून लावलं, बाई. लिंबाजी आन मी भिंतीवर बसून खायचो, बिया थुंकायचो. कसा हाय लिंबाजी? अजून वरडतो का?"

"रोज. सहाला."

ते हसले. "मी त्याला सांगून न्हाई आलो. काचबिंदू झाला बाई, दोनी डोळे गेले. एकदम न्हाई, हळूहळू. एकतीस वर्षं त्यानं माझी गाडी फलाटाला लावून घेतली. त्याला कसं सांगू, की मला आता फाटक सापडत न्हाई? हिंमत न्हाई झाली." मग जरा थांबून म्हणाले, "सीताफळाचं बरं असतंय. हात लावला की कळतंय, डोळे उघडलेत का न्हाई ते."

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट नंतर वाटलं. आधी आला तो राग. माझी वही तीन वर्षं चुकीची होती. ते झाड निकामी नव्हतंच. माझ्या नाकासमोरून माल जात होता, आणि जो नेत होता तोच मला रोज सकाळी दात घासताना सांगत होता की झाड तोडू नका. तोडू नका म्हणायचं, पण का ते सांगता येत नाही. 'झाड फळ देतं' म्हणावं तर 'मग ती कुठे जातात' हा प्रश्न आला. आपल्याच चोरीनं त्यांनी त्या झाडाला फाशीपर्यंत आणलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी वही घेऊन भिंतीपाशी गेले.

"काका, गेल्या वर्षी किती नेलीत?"

"काय?"

"सीताफळं. माझ्या झाडाची."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग आत गेले. मला वाटलं, दार आपटेल. ते लाल बांधणीचं एक रजिस्टर घेऊन बाहेर आले, भिंतीवर ठेवलं आणि पान उघडून दिलं. मी वाचलं. 'प्लॉट १५. फुलं हाताळली चाळीस. धरली एकवीस. गळाली तीन. रवाना बारा. मालकास सोडली सहा.' तीन वर्षांची तीन पानं. माझ्या वहीतला आकडा आणि त्यांचा आकडा तंतोतंत जुळत होता.

"म्हणजे चांगली बारा तुम्ही नेली आणि काळी सहा मला सोडली?"

"प्रवासाला माल चांगलाच द्यावा लागतोय," ते म्हणाले. शरम नावालाही नाही. "नोंद हाय. चोर नोंद ठेवत न्हाई."

"आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझा नंबर?"

"झाड पंधराचं. माल पंधराचा. मी निस्ता सोडायचं काम केलं."

"तुमचं नाव का नाही घातलं?"

आता मात्र ते पेटले. "काहून घालू? त्यानं मला सांगितलं का, जायलोय म्हणून? सकाळी उठलो तर पंधरा नंबरला कुलूप. ताई, एकतीस वर्षं तो माणूस माझ्या सहीशिवाय फलाट सोडून हालला न्हाई. आन गेला तेव्हा असा. स्टँडवरच्या पोरांकडून कळालं मला, नांदेडला गेला म्हणून. मी काय मेलो होतो का इथं? फळं त्याच्या झाडाची, ती त्याला पोचली पाहिजेत. ते माझं काम हाय. बोलायचं काम माझं न्हाई."

"त्यांना दिसत नाही, काका."

"काय दिसत न्हाई?"

"काचबिंदू. दोन्ही डोळे. घर सोडलं तेव्हाच जवळजवळ गेले होते. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही म्हणाले."

ते काहीतरी बोलणार होते. 'कारण नका सांगू' हेच असणार. ओठ तसे झाले आणि मिटले. त्यांनी रजिस्टर मिटलं, परत उघडलं, परत मिटलं.

"शेवटचं वर्षभर," ते म्हणाले, "रोज इथं भिंतीवर यायचा. लिंब्या, जरा पेपर वाचून दाखव, चष्मा घरी राहिला. रोज. मी रोज शिव्या घालायचो त्याला. म्हणलं, भिंतीपलीकडं घर हाय, जाऊन चष्मा आणायला काय होतंय तुला."

घड्याळात सहा वाजून गेले होते. त्या दिवशी घोषणा झाली नाही. नऊ नंबरवाले बाहेर येऊन चौदा नंबरच्या फाटकाकडे बघून गेले.

रविवारी आठ वाजता झाड तोडणारा माणूस आला. मी त्याला पुढे नेलं, स्कूटर लावते ती जागा दाखवली आणि तिथली फरशी काढून खड्डा घ्यायला सांगितलं. अर्धा मुरूम, शेणखत, तळाला विटांचे तुकडे. अंजीर तिथे लागलं. स्कूटर आता रस्त्यावर उभी असते आणि त्याचा मला रोज त्रास होतो.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी काकांनी मागच्या भिंतीपाशी न विचारता स्टूल टाकला. मीही माझ्या बाजूनं स्टूल आणला. ज्या फळांच्या खवल्यांमधल्या रेघा पांढऱ्या पडून उकलल्या होत्या तेवढी आम्ही काढली. बारा त्यांनी निवडली, त्यातल्या दोन फळांवरून आमचं वाजलं. मी एकेक कागदात गुंडाळून खोक्यात भरली आणि वर चिठ्ठी लावली. पाठवणार: लिंबाजी, प्लॉट नंबर चौदा. खाली त्यांचा मोबाइल नंबर.

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि भडकले. "हे कुणी लिहायला सांगितलं तुमाला? अक्षर असं असतंय का? गाव कुठं हाय ह्याच्यात? पिन कोड? अशी चिठ्ठी स्टँडवर कुणी घेईल का?" ती टराटरा फाडली.

मग मीही ऐकवलं. चोरी करायला लाज नाही आणि नाव लिहायला लाज, असं काहीतरी. ते ऐकत नव्हतेच. खिशातून पेन काढून त्यांनी भिंतीवर कागद ठेवला आणि सावकाश, वळणदार अक्षरात सगळं परत लिहिलं. नाव, प्लॉट, गाव, पिन कोड, मोबाइल नंबर. खाली सही. सहीपुढे वेळ. मग खोका काखेत मारून स्टँडकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दहा कमी असताना मी मागे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. पलीकडे फोन वाजला. काकांचा फोन सहसा रविवारीच वाजतो, मुलाचा.

"बोल," काका म्हणाले.

मी कपडे काढायचे थांबले.

"तीन वर्षं लेट हायेस तू," ते ओरडले. आवाज चौथ्या गल्लीपर्यंत गेला असणार. "तीन वर्षं. एवढी लेट गाडी मी नोकरीत कधी बघितली न्हाई. आं? काय? न्हाई, ऐक... तू ऐक आधी..." मग ओरडणं अर्ध्यातच थांबलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले, अगदी हळू. "कारण सांग."

त्यानंतर पाऊण तास ते काही बोलले नाहीत. रुक्मिणकाकू ओसरीत आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पदरानं तोंड झाकून आत गेल्या.

आता सहाची घोषणा फाटकात होत नाही. कॉलनी शांत झाली आहे आणि नऊ नंबरची पपई कुणी न बोलता पिकून पडते. काका मागच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसतात, फोन कानाला, आणि झाडाकडे बघत एकेक सांगतात. हौदाकडच्या फांदीला दोन. एकाला मुंग्या लागल्यात. पानं पिवळी पडायलीत. पंधरा नंबरनं समोर ते अंजीर लावलंय, त्याचं नाव काढू नकोस. मी पलीकडे माझं काम करत असते. ऐकू येतंच.

परवा ते मधेच थांबले. भिंतीवर डोकं आलं.

"ताई, वरच्या शेंड्याचं मला इथून दिसंना. तो इचारायलाय. तुमच्या बाजूनी किती हायेत?"

गॅसवर दूध होतं आणि यादीतली चार कामं राहिली होती. मी स्टूल ओढला, वर चढले आणि मोजायला लागले.